वॉर्डाने दिलेली पाच बाळं

पाच बाळं झाल्याबद्दल माझं अभिनंदन करायला वॉर्डाची परिचारिका सायकलवरून आमच्या दारात आली, तेव्हा मी एका बाळाची शी धूत होते. बेल वाजली. ओल्या हातानेच दार उघडलं. साठीकडे झुकलेल्या एक बाई, डोक्यावर हेल्मेट, हातात फुगलेली पिशवी. कमरेत वाकून म्हणाल्या, "अभिनंदन. फार दमत असाल ना?"

मी म्हटलं, हो बाई, दमते.

त्यांचे डोळे पाणावले. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "पाचही जण झोपलेत का?"

माझं जपानी तेव्हा यथातथाच होतं. मला वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय, म्हणून मी लेकीला उचलून दाखवलं आणि म्हटलं, ही एकच जागी आहे. झालं! बाईंनी पिशवी खाली ठेवली, त्यातून डायपरचे गठ्ठे काढले, एक मोठा, एक लहान, आणि दबक्या पावलांनी उरलेली चार बाळं बघायला आत आल्या. आमचं घर म्हणजे दीड खोली. चार बाळं लपवायची म्हटली तर फक्त कपड्यांचं कपाट. बाईंनी त्याच्याकडेही एक नजर टाकली, शपथ सांगते.

हे असं का झालं ते सांगते. पण त्यासाठी आधी आमचा वॉर्ड समजायला हवा.

टोकियोत वॉर्ड म्हणजे आपल्यासारखा निवडणुकीपुरता आठवणारा प्रभाग नव्हे. ते एक छोटं संस्थानच. स्वतःचा महापौर, स्वतःची निवडून आलेली सभा, स्वतःचा कर, स्वतःची पाळणाघरं, स्वतःच्या कचऱ्याचे स्वतःचे नियम. आमच्या वॉर्डाचं नाव मी सांगणार नाही. पूर्वेकडचा, नदीकाठचा, सायकलींनी भरलेला, एवढं पुरे. २०११च्या मोठ्या भूकंपाच्या वेळी तिथे फोन बंद पडले, लोक कार्यालयाच्या दारात थंडीत रांगा लावून उभे राहिले, आणि त्यानंतर वॉर्डाने ठरवलं की आता सगळं ऑनलाइन करायचं. विचार उत्तम. आम्ही भूकंपानंतर काही वर्षांनी आलो, तोवर त्या विचाराची वेबसाइट झाली होती.

नवऱ्याची नोकरी कावासाकीला. तो प्रोग्रॅम लिहितो. मी पुण्यात टेस्टर होते, म्हणजे त्याच्यासारख्यांनी लिहिलेल्यात खोट काढायची आणि वर पगार घ्यायचा. आमचं लग्न टिकलं याचं कारण आम्ही कधी एका प्रोजेक्टवर नव्हतो. लेक झाली, ती सहा महिन्यांची झाली आणि मला तोयोसुच्या एका ऑफिसात नोकरी मिळाली. माझी स्वतःची! व्हिसावर 'अवलंबित' असा शिक्का घेऊन वर्षानुवर्षं भाजी निवडल्यावर! अट एकच. एप्रिलमध्ये रुजू व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. आणि एप्रिलमध्ये रुजू व्हायचं तर पाळणाघर हवं, आणि पाळणाघर वॉर्ड देणार, गुण देऊन. आई नोकरी करते, इतके गुण. एकटी वाढवते, आणखी गुण. ज्याचे गुण जास्त, त्याचं मूल आत.

मी अर्ज भरायला बसले तो शनिवार होता. पडद्यावर एक वाकलेलं गोंडस अस्वल आलं आणि म्हणालं, आज वेबसाइटला सुट्टी आहे.

मी नवऱ्याला हाक मारली. "अरे, ये, बघ. वेबसाइट रविवारी पण नाही, संध्याकाळी पाचला घरी जाते, आणि मधे एक तास जेवते!"

"चालते ना? मग झालं तर," तो म्हणाला. हे त्याचं आयुष्याचं तत्त्वज्ञान.

"माणूस आहे आत! सांगते तुला. आत माणूस बसलाय."

"सोमवारी भर. आणि हे बघ, चालू सिस्टिममध्ये काड्या करू नकोस. हे सरकार आहे, तुझा क्लायंट नाही."

सोमवारी मी शहाण्या मुलीसारखा अर्ज भरला. पहिल्या पानावर घरची माहिती, दुसऱ्यावर नोकरीचं पत्र. पाठवला. अस्वलाने आभार मानले. आमच्या खालच्या मजल्यावरची एक बाई, माझ्याएवढीच, बेकरीत कामाला, पदरात माझ्या लेकीच्या बरोबरीचा मुलगा आणि घरात दुसरं कोणी नाही, तिने त्याच दिवशी बागेत माझ्या शेजारी बसून फोनवरून त्याच पाळणाघरासाठी अर्ज केला. आम्ही दोघींनी एकमेकींना टाळी दिली. तिने जरा घाबरतच दिली.

आणि मग मला एक बटण दिसलं. 'सराव.' अर्ज करण्याआधी इथे भरून बघा, हा खरा अर्ज धरला जाणार नाही. आता टेस्टरला सरावाचं बटण दाखवणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. मुलगी झोपलेली, बाहेर पाऊस, नवरा कावासाकीत. मी एकदम झालेल्या पाच बाळांची आई झाले. वडिलांचं वय एकशेचाळीस टाकलं. काम दिवसाला पंचवीस तास. बाळांचा जन्म पुढच्या वर्षीचा. साइटने सगळं मुकाट घेतलं आणि अस्वल नम्रपणे वाकलं. मला इतकं हसू आलं की मी पुण्याला आईला फोन लावून तिलाही दाखवलं. आई म्हणाली, "परक्या मुलखात नसत्या उठाठेवी कशाला? हात दाखवून अवलक्षण!"

तर हे ते अवलक्षण, डायपर घेऊन दारात. सरावाचे अर्जही वॉर्डात कागदावर छापून निघत होते, ते कोणीतरी हाताने पुन्हा दुसऱ्या संगणकात भरत होतं, आणि वडील एकशेचाळीस वर्षांचे असल्यामुळे घरात मदत कमी पडत असेल, या काळजीने परिचारिका बाई धावत आल्या होत्या. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. कसलं रडतायत! हसून हसून त्यांना ठसका लागला, मी पाणी दिलं, मग मला ठसका लागला. जाताना त्यांनी डायपर परत नेले नाहीत. म्हणाल्या, ठेवा, नोंद झालीय.

फेब्रुवारीत निकाल आला. आम्हाला जागा नाही. खालच्या मजल्यावरही नाही.

मी लेकीला छातीशी बांधलं आणि तडक वॉर्ड कार्यालय गाठलं. खिडकीवरचा तरुण कारकून इतका सभ्य की त्याच्याशी भांडणं म्हणजे उशीला बुक्के मारणं. त्याने माझा अर्ज आणला. एकच पान. मी विचारलं, दुसरं कुठाय? त्याने पान उलटलं. मागे कोरं. मग तो आत गेला, बऱ्याच वेळाने आला, आणि त्याच्या कपाळावर घाम होता. दुसरं पान छापलंच गेलं नव्हतं. म्हणजे त्यांच्या लेखी मी बेकार, घरी बसलेली, तिला कशाला पाळणाघर?

तो खिडकीवर झुकून म्हणाला, "चूक आमची आहे. तुम्ही मागितलेल्या पाळणाघरात एक जागा रिकामी झालीय. तुमचं पान आज द्या, तुमच्यापुरती दुरुस्ती करून टाकू. जागा तुम्हाला मिळेल."

माझ्या अंगावर आनंदाने काटा आला. तोयोसु! एप्रिल! पगार! पिशवीतून मी नोकरीचं पत्र काढलं सुद्धा. आणि काढता काढता तोंडातून निघून गेलं, "आणि बाकीच्यांचं?"

"बाकीच्यांकडून तक्रार आलेली नाही," तो म्हणाला.

मला खालच्या मजल्यावरची आठवली. माझ्या डोळ्यांसमोर तिने फोनवरून दुसरं पान जोडलं होतं. एकटी आई, बेकरीत पहाटेची पाळी, तिला जागा नाही हे होणंच शक्य नव्हतं, तिचंही दुसरं पान नक्की गळालं होतं. मी म्हटलं, आधी सगळ्यांची पानं बघा, मग माझं. तो म्हणाला, तसं करायला वरून आदेश लागेल. मी म्हटलं, मग आणा. तो म्हणाला, विचार करू. आता 'विचार करू' म्हणजे काय, हे पुण्याच्या माणसाला कुठल्याही भाषेत कळतं. मी पत्र पिशवीत परत टाकलं आणि घरी आले.

नवरा भडकला. "लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस आहे का तुला? जागा देत होते ना? घ्यायची!"

"आणि खालची?"

"तिला सांग, तूही जा म्हणून."

सांगितलं की! सांगितलं तर ती म्हणाली, कार्यालयाने ठरवलंय म्हणजे काही कारण असेल. त्रास कशाला द्यायचा. तिने आईकडे उत्तरेला परत जायचं ठरवलं होतं, खोकी पण आणली होती बेकरीतून. मला तिचा इतका राग आला की मी तिला चार शब्द सुनावणार होते, पण रागाचे जपानी शब्द मला येत नव्हते. कोणी शिकवतच नाही.

मग मी जपानी शिकायला जायचे त्या वर्गात शिकवणाऱ्या आजींनी मला सांगितलं की वॉर्डाच्या सभेला कोणीही रहिवासी अर्ज देऊ शकतो. परदेशी असला तरी. मत द्यायचा हक्क मला नव्हता, पण विचारायचा होता! मला आभाळ ठेंगणं झालं. त्या दोन दिवसांत मी जे काही लिहिलं ते माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम लेखन. वेबसाइट जेवते का? कोणाबरोबर? एवढा पैसा ओतला तो कुठे मुरला? हे सगळं त्यात होतं. आजींनी लाल पेन घेतलं आणि एकेक करून माझा राग उपटून टाकला. उरलं ते, डायपरच्या हकीकतीसकट, इतकं सौजन्यपूर्ण होतं की वॉर्डाचे आभार मानलेत असं वाटावं. खाली तीन विनंत्या. ऑनलाइन आलेले सगळे अर्ज पुन्हा तपासावेत. या सेवेवर काय खर्च झाला ते सांगावं. आणि त्या खर्चात रहिवाशांना काय मिळालं तेही सांगावं.

त्या अर्जावर सभेच्या समितीची बैठक मार्चमध्ये झाली. मी प्रेक्षकांत, नवरा लेकीला घेऊन बाहेरच्या बाकावर. तोंडाने 'माझा संबंध नाही' म्हणत त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. भिंतीवर नियम: टोपी घालू नये, खाऊ नये, टाळ्या वाजवू नयेत, पसंती किंवा नापसंती दाखवू नये. म्हणजे थोडक्यात, पुणेकरांनी येऊ नये.

सभेच्या एक वयस्क सदस्य होत्या, करड्या केसांच्या, चष्मा साखळीला अडकवलेल्या. त्यांनी माझा अर्ज वाचला आणि विभागप्रमुखांकडे बघून शांतपणे विचारलं, "एक मूल असलेल्या घरी आपण पाच मुलांचे डायपर पोचवलेत का?"

"पोचवले," विभागप्रमुख म्हणाले. "एकही अर्ज नजरेतून सुटू नये म्हणून सरावाचे अर्जही छापण्याची दक्षता घेण्यात आली होती."

"सरावाचे छापले. मग खऱ्यांची दुसरी पानं का नाही छापली?"

ते उभे राहिले. कागद चाळले. पुन्हा चाळले. "डिजिटल धोरणानुसार कागदाची बचत करायची आहे. म्हणून प्रत्येक अर्जाचं एकच पान छापावं, असं यंत्रात ठरवून दिलं होतं."

एक सदस्य रुमालात तोंड खुपसून खोकू लागले. अध्यक्षांनी कार्यक्रमपत्रिका चेहऱ्यासमोर धरली आणि ती पत्रिका थरथरत होती. बाईंचा मात्र चेहरा हलला नाही. त्यांनी खर्चाचा तक्ता वर धरला. "इथे 'स्वयंचलित प्रक्रिया' असं सदर आहे. एवढी मोठी रक्कम. ही प्रक्रिया म्हणजे नक्की काय?"

"तीन महिला आहेत," विभागप्रमुख म्हणाले. "अर्धवेळ. त्या टाइप करतात."

"त्या जेवायला कधी जातात?"

"बारा ते एक."

"वा!" मी मांडीवर थाप मारून ओरडले. सवयच तशी, हो. बैठकीत गवयाने जागा घेतली की दाद जातेच. सगळी सभा माझ्याकडे वळली. अध्यक्षांनी पत्रिका खाली घेतली, डोळे पुसले आणि म्हणाले, प्रेक्षकांनी शांतता राखावी. बाहेरून आमच्या लेकीने किंकाळी फोडली. तिला नियम कोणी वाचून दाखवले नव्हते.

वेबसाइटच्या देखभालीचा पुढच्या वर्षीचा पैसा दुरुस्ती होईपर्यंत अडवला गेला, आणि ऑनलाइन आलेले सगळे अर्ज पुन्हा तपासायचे ठरले. सगळे! मी त्या कार्यालयाच्या पायऱ्या अक्षरशः नाचत उतरले. नवरा म्हणत होता, हळू, अगं हळू, लोक बघतायत. बघू देत! आम्ही कोपऱ्यावरच्या कोम्बिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, मटणाचे वाटतात पण डुकराचे असतात ते गरम पाव टाळून गोड बीन्सचे घेतले आणि नदीच्या काठावर बसून खाल्ले. त्या दिवशी मला वाटलं, ही जागा माझीच आहे, हा वॉर्ड माझा आहे, मी इथली आहे.

फोन आठवड्याभराने आला. मी दुकानात कांदे घेत होते. तोच सभ्य कारकून.

"तपासणी पूर्ण झाली. तुमचे गुण वाढलेत," तो म्हणाला. "पण इतरांचेही वाढले. ती जागा जास्त गुण असलेल्या घराला गेली."

मी म्हटलं, बरं. धन्यवाद. तुम्ही फार मेहनत घेतलीत.

"त्या दिवशी तुम्ही पान दिलं असतंत तर..." त्याने वाक्य सोडून दिलं.

"माहितीय," मी म्हटलं आणि फोन ठेवला, आणि कांद्यांसमोर उभी राहून रडले. चांगली हुंदके देऊन रडले. दुकानातल्या मुलीने मला न विचारता टिशूचं पाकीट आणून दिलं. मला कोणाचा राग येत होता तेच कळत नव्हतं. वॉर्डाचा तर नाहीच, त्यांनी मी सांगितलं तस्संच केलं होतं.

घरी नवऱ्याला सांगितलं आणि 'मी म्हटलं नव्हतं?' ऐकायची तयारी करून बसले. त्याने लेकीचं बोट हातात धरलं आणि म्हणाला, "मी रजा घेतो. बापाला मिळते इथे, ती वर्षाची होईपर्यंत. जूनपर्यंत सांभाळतो. पुढचं पुढे."

त्याच्या ऑफिसात आजवर एकाही पुरुषाने ती घेतली नव्हती. साहेबांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, तब्येत बरी आहे ना?

दोन दिवसांनी खालची वर आली. कडेवर पोरगा, हातात बेकरीचा खोका, चेहरा असा फुललेला की मी तिला प्रथम ओळखलंच नाही. एरवी कुजबुजणारी बाई दारातच मोठ्याने बोलायला लागली. कार्यालयाने स्वतःहून फोन केला! दुसरं पान आणा म्हणाले! माफी मागितली! जागा दिली! मी जात नाहीये उत्तरेला! आणि मग, एका दमात, "आता आपली दोघं एकाच वर्गात! पहिल्या दिवशी सायकली बरोबरच काढूया? मी खाली थांबते."

नवऱ्याने तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला. "हो हो, बघू," मी म्हटलं. खोक्यात क्रीमचे पाव होते. मी तीन खाल्ले.

पहिल्या दिवशी मी नवा कोट घालून, केस चापून बसवून, एकटीच खाली उतरले. ती सायकलींजवळ उभी होती, पोराला पुढच्या सीटवर पट्टा बांधून. मला बघून हसली. माझ्या मागे बघितलं. मग वर बघितलं. गॅलरीत नवरा उभा, एका हातात लेक, दुसऱ्या हातात दुधाची बाटली, आणि तो लेकीचा हात धरून आम्हाला टाटा करत होता.

तिचं हसू तसंच राहिलं आणि डोळे मात्र बदलले. "ती जागा," ती म्हणाली, "एकच होती का?"

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हटलं. "पहिल्याच दिवशी उशीर नको."

ती हलेना. मग मीच तिच्या सायकलचा स्टँड काढला आणि सायकल रस्त्याच्या दिशेने वळवून दिली.